डास कधी चावतो ते बघा, मग पाणी शोधा

संध्याकाळी कानाशी भुणभुण सुरू झाली की आपण कॉइल पेटवतो, रॅकेट चार्ज आहे का बघतो, खिडक्या लावून घेतो. यात चूक काहीच नाही, पण हे सगळे उपाय डास घरात शिरल्यानंतरचे. उडणारा डास मारत बसणं हा तोट्यातला धंदा आहे. इथे एक मरेपर्यंत बाहेर कुठल्यातरी डब्यातून पन्नास उडालेले असतात. उडायला लागण्याआधी मात्र आठवडाभर तो एका जागी, उथळ पाण्यात, पळून जाता येणार नाही अशा अवस्थेत असतो. त्याला गाठायचं ते तेव्हा. म्हणून या लेखाचा मोठा भाग पाण्यावर आहे. जाळ्या, पंखे आणि मलमं नंतर येतील.

आठवड्याचं गणित

डासाची मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते, पाण्यावर किंवा पाण्याच्या काठाला. अंड्यातून अळी निघते, अळी कात टाकत वाढते, तिचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर पडतो. उबदार हवेत हे सगळं सात ते दहा दिवसांत आटोपतं, थंडीत लांबतं. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारे फुलांच्या रसावर जगतात.

साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा, न चुकता, ओतून टाकलं तर त्यातून डास बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यासाठी वार ठरवून टाका. ‘सवड मिळाली की बघू’ म्हटलं की दहावा दिवस उजाडतो आणि तोवर पाखरं उडालेली असतात.

अळी आणि कोष यांतला फरकही लक्षात ठेवा, पुढे औषध निवडताना तो लागेल. अळी खाते आणि पृष्ठभागावर येऊन श्वास घेते. कोष काहीच खात नाही, फक्त श्वास घेतो. पोटात जाऊन काम करणारं औषध अळीला मारतं, कोषाला नाही.

आता एक मेख. दिवसा चावणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. भांडं कोरडं पडलं तरी ती काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतली बाजू घासायलाच हवी, आणि घासण्याचा जोर तळापेक्षा काठाजवळच्या पट्ट्यावर हवा. बहुतेक जण तळ घासतात.

पहिली पायरी : तुमच्याकडे कोणता डास आहे?

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि मग मेहनत भलत्याच ठिकाणी जाते. रात्री झोप मोडणारे डास सेप्टिक टँकमधून येत असतात आणि माणूस कुंड्यांखालच्या ताटल्या पुसत बसतो. प्रत्येक जातीची पाण्याची आवड वेगळी असते, म्हणून दोन-तीन दिवस फक्त निरीक्षण करा : कधी चावतो, कुठे चावतो, भिंतीवर कसा बसतो.

दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत, टेबलाखाली पायांना, घोट्यांना चावत असेल आणि अंगावर-पायांवर पांढरे पट्टे असतील, तर तो एडिस. डेंगी, चिकुनगुन्या, झिका पसरवणारा हाच. तो फार लांब उडत नाही. बहुतेकदा त्याचं जन्मस्थान शे-दोनशे मीटरच्या आत, म्हणजे तुमच्याच किंवा शेजाऱ्याच्या आवारात असतं. त्याला भांड्यात साठलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आवडतं. बाटलीच्या झाकणात मावेल एवढंही त्याला पुरतं.

रात्री कानाशी गुणगुणणारा, तपकिरी, भिंतीला समांतर बसणारा डास बहुधा क्युलेक्स. हत्तीरोगाचा प्रसार करणाऱ्यांत तो येतो. गटार, सेप्टिक टँक, तुंबलेली मोरी, सडक्या पानांचं डबकं, म्हणजे पाणी जितकं घाण तितकं त्याला बरं. तो एडिसपेक्षा बराच लांबून येऊ शकतो. त्याची अंडी एकमेकांना चिकटून पाण्यावर पाव इंचाच्या काळपट तराफ्यासारखी तरंगतात. नीट पाहिलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

रात्रीच चावणारा, पण बसताना डोकं खाली आणि शेपटाकडची बाजू वर उचलून भिंतीशी तिरका कोन करणारा डास म्हणजे मलेरियाचा वाहक ॲनॉफिलीस. त्याला तुलनेनं स्वच्छ, संथ पाणी लागतं : विहिरी, टाक्या, बांधकामावर साठवलेलं पाणी, ओढ्याच्या कडेची डबकी.

अळ्यांवरूनही ओळख पटते. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून उलट्या लोंबकळतात. ॲनॉफिलीसच्या अळीला अशी नळीच नसते, ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते.

दुसरी पायरी : टॉर्च घेऊन फेरी

एक टॉर्च, एक पांढरी वाटी किंवा पळी आणि एक वही एवढं घ्या. भर दिवसाही टॉर्च लागते, कारण अळ्या सावलीतल्या, अंधाऱ्या पाण्यात असतात. घराभोवती एकाच दिशेनं फिरा, मग गच्ची, मग घराच्या आत. पाणी दिसेल तिथे घाईनं वाकू नका. तुमची सावली पडली किंवा भांड्याला धक्का लागला की अळ्या झरझर तळाशी जातात आणि पाणी निर्मळ असल्याचा भास होतो. मिनिटभर शांत उभं राहा. श्वासासाठी त्या वर येतातच. वळवळत, अंग झटकत वर येणारे केसाएवढे धागे म्हणजे अळ्या. टपोऱ्या स्वल्पविरामासारखे दिसणारे, कोलांट्या खाणारे ते कोष. कोष दिसले तर आज-उद्याच डास उडणार, ते भांडं आधी हातावेगळं करा.

खोल भांड्यात वाटी तिरकी बुडवून काठाजवळचं पाणी घ्या आणि पांढऱ्या तळावर बघा. वहीत फक्त एवढंच लिहायचं : कुठे पाणी होतं, कुठे अळ्या होत्या. हा आकडा आठवड्यागणिक उतरला पाहिजे. तुमचं काम बरोबर चाललंय की नाही हे चावण्यावरून लगेच कळत नाही, यावरून कळतं.

कुठे बघायचं? कुंड्यांच्या ताटल्या, टायर आणि पिंपं सगळ्यांना माहीत असतात. सुटतात त्या जागा या : फ्रिजच्या मागचा पाणी साठणारा ट्रे, एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली, क्वचित वापरातल्या संडासाचं भांडं आणि फ्लशची टाकी, बाथरूमच्या कोपऱ्यातली जाळी, जिच्यातून महिनोनमहिने पाणी गेलेलं नाही, पाण्याच्या मीटरचा खड्डा, लिफ्टचा खड्डा, ताडपत्रीच्या घड्या, पत्र्याची पन्हळ, जिच्यात पानं अडकून पाणी थबकलंय, कुंपणाच्या भिंतीवर रोवलेल्या फुटक्या बाटल्या, कुंपणाच्या पोकळ लोखंडी खांबांची उघडी तोंडं, कापलेल्या बांबूचे खुंट, झाडाच्या बेचक्यातली ढोली, मनीप्लँटची बाटली, पाळीव प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं पाणी. मुलांची बागेत विसरलेली खेळणीसुद्धा.

तिसरी पायरी : जे काढता येतं ते काढा

अडगळीतल्या वस्तूंचा निकाल आधी लावा. डबे, करवंट्या, फुटकी भांडी टाकून द्या. ठेवायचीच असतील तर पालथी घाला. टायर छताखाली हलवा. टायरला भोकं पाडली तरी आतल्या वळणात पाणी राहतंच, त्यामुळे उघड्यावरच ठेवायचा असेल तर मातीनं भरून टाका. बांबूचे खुंट, भिंतीवरच्या बाटल्या, झाडाच्या ढोल्या यांत वाळू भरली की प्रश्न कायमचा मिटतो. पोकळ खांबांना टोपण बसवा. पन्हळीतली पानं काढून उतार तपासा. बादलीभर पाणी ओतून ते पूर्ण वाहून जातंय का बघा.

कुंडीखालच्या ताटलीत काठापर्यंत जाडी वाळू भरा. जादा पाणी वाळूत मुरतं, झाडाला ओल मिळते आणि अंडी घालायला उघडं पाणी उरत नाही. मनीप्लँटचं पाणी आठवड्याला बदलताना मुळं नळाखाली धुवा, कारण अळ्या मुळांच्या जंजाळात अडकून राहतात. बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावला तर आणखी बरं.

अळ्यांचं पाणी ओतायचं कुठे, यावरही बरंच अवलंबून आहे. ते गटारात किंवा मोरीत ओतलं तर काही अळ्या तिथे आरामात वाढू शकतात. कोरड्या, उन्हातल्या जमिनीवर पसरून ओता. काही वेळात खेळ खल्लास.

पाण्याची टाकी, हौद, पिंप, कूलर यांसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळा. रिकामं करायचं, ताठ ब्रशनं घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग भरायचं. होंडुरासमध्ये धुण्याच्या हौदांसाठी एक साधी पद्धत रुजवली गेली, ती कुठेही जमण्यासारखी आहे : क्लोरीनचं ब्लीच आणि साधी धुण्याची पावडर कालवून तो लेप पाण्याच्या रेषेच्या वरच्या भिंतीला लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग खरखरीत घासून स्वच्छ पाण्यानं धुवायचं. लेपामुळे भिंतीला चिकटलेली अंडी मरतात. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

चौथी पायरी : जे रिकामं करता येत नाही ते झाका

पाणी रोज येत नसेल तर साठवावं लागतंच, तिथे ‘पाणी साठवू नका’ असा उपदेश करणं निरर्थक. तिथे झाकण चालतं, पण ते खरंच झाकण हवं. पिंपावर सैल ठेवलेला पत्रा किंवा फळी म्हणजे डासांना अंधारी, सुरक्षित प्रसूतिगृह उघडून दिल्यासारखं आहे.

पिंपाचं जाळीचं झाकण तासाभरात होतं. बारीक नायलॉनची जाळी घ्या, तोंडाच्या व्यासापेक्षा चहूबाजूंनी वीतभर मोठी गोल कापा. कडेला दुमड घालून शिवा, त्यात इलॅस्टिक ओवा आणि पिंपाच्या गळ्याशी घट्ट बसेल एवढं ताणून गाठ मारा. आता खरी परीक्षा : पिंप काठोकाठ भरा. जाळी लोंबून पाण्याला टेकत असेल तर डास तिच्यावर बसून ओल्या जाळीतून अंडी घालू शकतात. तोंडावर दोन काड्या किंवा जाड तारेची कमान आडवी ठेवून जाळी वर उचलून धरा, किंवा पाण्याची पातळी चार बोटं खाली ठेवा. पाणी काढायला रोज झाकण उघडावं लागत असेल तर पिंपाला खालून तोटी बसवून घेणं शहाणपणाचं. रोज उघडणारं झाकण एक ना एक दिवस उघडंच राहतं.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट असलं तरी ओव्हरफ्लोच्या पाईपचं तोंड उघडं असतं. त्यावर जाळीचा तुकडा तारेनं बांधा.

सेप्टिक टँक आणि गटार : रात्रीच्या डासांचं माहेरघर

रात्री चावणारे तपकिरी डास असतील तर सगळ्यात आधी इथे या. सेप्टिक टँकच्या वायू जाण्याच्या पाईपचं तोंड बघा. ते उघडं असेल तर डास तिथूनच आत जातात आणि तिथूनच शेकड्यांनी बाहेर पडतात. संधिप्रकाशात थोडा वेळ त्या पाईपकडे बघत उभे राहिलात तर बाहेर निघणारे डास दिसूही शकतात.

पाईपच्या तोंडावर गंज न लागणारी किंवा नायलॉनची जाळी दुहेरी करून ठेवा आणि क्लॅम्पनं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळा. सुतळी उन्हापावसात कुजते. पाईप प्लॅस्टिकची पिशवी बांधून बंद करू नका. वायूला वाट हवी. जाळीवर धूळ बसते, म्हणून अधूनमधून बदला. मग टँकवरची झाकणं : लादी आणि चौकटीतल्या फटी, उचलायच्या कडीभोवतीची भोकं, तडे, हे सगळं सिमेंटनं बुजवा. डासाला दोन मिलिमीटरची फट पुष्कळ झाली. टँकच्या आत डोकावू नका, आत उतरायचं तर नावच नको. तिथला वायू जीव घेतो.

उघड्या गटारात पाणी वाहतं असेल तर डास फारसे होत नाहीत, थबकलं की होतात. गाळ काढणं आणि उतार सुधारणं हाच तिथला उपाय. मोरीचं सांडपाणी अंगणात पसरत असेल तर शोषखड्डा करा आणि वरून खडी, माती घालून पूर्ण बंद करा. उघडा शोषखड्डा म्हणजे दुसरं डबकं.

पाण्यात काय टाकावं, काय टाकू नये

जे ओतता येत नाही आणि झाकताही येत नाही, त्यासाठी माझी पहिली पसंती बीटीआय. हा मातीत सापडणारा एक जिवाणू आहे, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. अळीनं तो खाल्ला की त्यातलं विष तिच्या आतड्यात फुटतं आणि साधारण दिवसभरात ती मरते. माणसं, मासे, पक्षी, मधमाश्या यांना त्याचा त्रास होत नाही. गोळ्या, दाणे, द्रव अशा रूपांत मिळतो. मात्रा आणि किती दिवसांनी पुन्हा टाकायचा हे पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच पाळा. कोषावर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे टाकल्यानंतरही दोन-तीन दिवस थोडे डास निघतील. औषध फुकट गेलं असं समजू नका.

टेमेफॉस, म्हणजे लोक ज्याला अबेट म्हणतात, तेही अळ्या मारतं. पण ते रासायनिक कीटकनाशक आहे आणि त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत मोजून ठेवावं लागतं. ते आरोग्य कर्मचाऱ्यांनाच टाकू द्या.

शोभेचं तळं, मोठा हौद, न वापरातली विहीर यांसाठी गप्पी मासे उत्तम. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात त्यांना थेट सोडू नका. पाणी दिवसभर उघडं ठेवून मग सोडा. शेवाळ आणि झाडोरा काढून टाका, नाहीतर अळ्या त्यात लपतात. गप्पी किंवा त्यांच्यासारखेच अळ्या खाणारे गॅम्बुशिया मासे ओढ्यात, नैसर्गिक तळ्यात मात्र सोडायचे नाहीत. गॅम्बुशिया तर स्थानिक माशांची आणि बेडकांची पिल्लं फस्त करतो आणि पुढे आवरत नाही.

बादलीभर घाण पाणी तातडीनं निकामी करायचं असेल तर भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून ढवळा. पृष्ठताण मोडतो, अळ्या आणि कोष पृष्ठभागाला टेकून राहू शकत नाहीत आणि गुदमरतात. चमचाभर खाद्यतेलाचा तवंगही लहान पृष्ठभागावर तेच काम करतो. दोन्हींचा असर थोड्या दिवसांचा, पाऊस पडला की संपला. रॉकेल, जळकं इंजिन ऑइल मात्र टाकू नका. डास मरतील, पण जमीन आणि भूजल नासेल आणि ते सुधारायला कुणी येणार नाही.

घरी करता येणारा सापळा

सापळे दोन प्रकारचे : डासाला माणसाचा भास करून देणारे आणि अंडी घालायला जागा देणारे. साखर-यीस्टच्या बाटलीचा सापळा पहिल्या प्रकारातला. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरं, पण माणूस श्वासातून सोडतो त्याच्या तुलनेत तो फारच थोडा. शेजारी माणूस बसलेला असताना डास बाटलीकडे कशाला जाईल? मी त्यावर साखर घालवणार नाही.

अंड्यांचा सापळा मात्र करून बघण्यासारखा आहे. काळ्या किंवा गडद रंगाची छोटी बादली घ्या. गडद रंग एडिसला खुणावतो. काठापासून चार बोटं खाली एक भोक पाडा, म्हणजे पावसात सापळा भरून वाहणार नाही. मूठभर सुकं गवत दुसऱ्या भांड्यात पाण्यात चार-पाच दिवस भिजवा. ते आंबूस पाणी गाळून बादलीत ओता. नुसत्या नळाच्या पाण्यापेक्षा या वासाला मादी जास्त भुलते. आतून खरखरीत सुती कापडाची पट्टी लावा, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. आता बीटीआयचा तुकडा टाका. झाडाखाली, सावलीत, जमिनीलगत, बसायच्या जागेपासून लांब ठेवा.

बीटीआय नसेल तर पाच-सहा दिवसांनी पाणी उन्हातल्या जमिनीवर ओतणं, बादली घासणं आणि पट्टी उकळून घेणं अनिवार्य. हे विसरणारा माणूस असाल तर सापळा लावूच नका. विसरलेला सापळा म्हणजे तुम्ही स्वतः पाळलेले डास. पट्टीवर खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसले तर ती एडिसची अंडी.

दुसरा जुगाड पंख्याचा. उभ्या किंवा चौकोनी पंख्याच्या पुढच्या, हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला बारीक जाळी चुंबकांनी किंवा चिमट्यांनी ताणून लावा. मागून ओढले गेलेले डास पात्यांतून पार होऊन जाळीवर चिकटून राहतात. जाळी पात्याला लागता कामा नये. संध्याकाळभर चालू ठेवा, मग प्लग काढून, वारा थांबताच डास उडायच्या आत, जाळीवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा.

पाचवी पायरी : घर बंदिस्त करणं

खिडकीच्या जाळीचं छिद्र 1.2 मिलिमीटर किंवा त्याहून लहान हवं. जाळी बसवली तरी डास येतातच अशी तक्रार असेल तर जाळी सोडून कडा तपासा. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून बघितलं तर उजेडाच्या रेषा फटी दाखवून देतात. वेलक्रोची पट्टी कोपऱ्यात आधी सुटते. सरकत्या खिडकीच्या दोन झडपांमधली उभी फट आणि रुळातली पाणी जाण्याची भोकं हमखास राहतात. पहिलीला ब्रशची पट्टी, दुसरीला जाळीचा तुकडा. दाराखाली रबरी पट्टी लावा. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद असताना उघडी खिडकीच असतो, त्याला बाहेरून जाळी हवी.

डास फार कमजोर उडतो, ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. साधा टेबलफॅन पायांवर सोडला तरी त्याला उतरता येत नाही, शिवाय आपला श्वास आणि घामाचा वास विखुरला जातो. बाल्कनीत बसायचं असेल तर छताच्या पंख्यापेक्षा जमिनीलगतचा पंखा उपयोगी, कारण एडिस खाली, घोट्यांकडे येतो.

मच्छरदाणीला पर्याय नाही. चौरस इंचाला 156 छिद्रं हे तिचं प्रचलित माप. गादीखाली चहूबाजूंनी खोचा. हातपाय जाळीला टेकून झोपलात तर डास बाहेरून चावतो. तान्ह्या बाळाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. घरात कुणाला डेंगीचा ताप असेल तर त्यालाही पहिले पाच-सहा दिवस दिवसा जाळीतच ठेवा. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो, आणि त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना आजार देऊ शकतो.

दिवसा डास पलंगाखाली, पडद्यामागे, दाराला टांगलेल्या कपड्यांत, कपाटाच्या अंधारात बसतात. रॅकेट तिथे फिरवा.

ज्यावर वेळ आणि पैसा घालवू नये

अल्ट्रासॉनिक यंत्रं डासांना पळवत नाहीत. त्यांच्यावरच्या चाचण्यांचा 2007 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही त्यांचा उपयोग दिसला नाही. मोबाइलमधली ‘डास पळवणारी’ ॲप त्याच माळेतली. जांभळ्या दिव्याच्या यंत्रात तडतड होते ती बहुतांशी निरुपद्रवी किड्यांची. डास दिव्यापेक्षा माणसाच्या श्वासाकडे जातो. खिडकीत तुळस, झेंडू, सिट्रोनेलाची कुंडी ठेवली तर खिडकी छान दिसते, इतकंच. वनस्पतीचं तेल पानात बंद असतं, पान चुरगळल्याशिवाय ते हवेत येत नाही.

धुरळणी उडत्या डासांपुरती. अळ्यांना धुराचं काही नाही, दोन दिवसांत नवे डास हजर. आणि कॉइल. ती काम करते, पण 2003 मधल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींएवढे भरले होते. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून झोपणं म्हणजे काय ते समजून घ्या. लावायचीच तर उघड्यावर. प्लगमध्ये लावायच्या द्रवाला धूर नसतो, तरी खिडकी जरा उघडी ठेवा आणि खोलीत माशांची टाकी असेल तर वापरू नका. ही रसायनं माशांना घातक असतात.

अंगाला काय लावावं

डीईईटी किंवा पिकारिडिन ही डासांना दूर ठेवणारी रसायनं असलेली मलमं आणि फवारे खात्रीचे. सुमारे 20 टक्क्यांचं मलम काही तास टिकतं. वनस्पतीजन्य हवं असेल तर लेमन युकॅलिप्टसपासून केलेलं, पीएमडी असं लिहिलेलं घ्या. ते तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. दोन महिन्यांखालच्या बाळाला कोणतंही मलम नको, मच्छरदाणीच बरी. सिट्रोनेला तेलाचा असर तास-दोन तासांत उतरतो. लवंग तेल तसंच अंगाला चोपडू नका, कातडी भाजते. आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर झटके येऊ शकतात. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग मलम.

निकाल कधी दिसतो

मादी दोन ते चार आठवडे जगते. आज सगळं पाणी ओतलंत तरी आधी उडालेल्या डासांचं आयुष्य शिल्लक असतं, त्यामुळे पहिले दोन आठवडे फरक जाणवणार नाही. बहुतेक लोक नेमके इथेच कंटाळतात. तीन आठवड्यांनंतरही दिवसाचे डास तेवढेच राहिले आणि तुमच्या वहीत अळ्यांचा आकडा शून्य असेल, तर पाणी शेजारच्या आवारात आहे. टॉर्च आणि वाटी घेऊन शेजाऱ्यांसोबतच एक फेरी मारा. वाटीतल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या की बोलणं पटकन मिटतं. भांडायला लागत नाही.

घर बंद करून जाताना

आठ दिवसांहून जास्त बाहेर राहणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी तासभर राखून ठेवा. कूलर आणि बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, मनीप्लँटची बाटली शेजाऱ्याकडे द्या, फ्रिज बंद करणार असाल तर मागचा ट्रे पुसा. संडासाचं झाकण खाली पाडून वरून प्लॅस्टिक चिकटवा, फ्लशच्या टाकीचं झाकण नीट बसवा. बाथरूमच्या आणि मोरीच्या जाळ्यांमध्ये मगभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा तवंग पाणी उडून जाऊ देत नाही, त्यामुळे गटाराचा वास अडतो, आणि अळ्यांना श्वासही घेता येत नाही. त्यावर ओला फडका ठेवू नका. कोरडी बारीक जाळी अंथरा आणि कडेला वजन ठेवा. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची जाळी हातानं ओढून बघा, सैल असेल तर तार पुन्हा आवळा.